संपवाल्यांचा संघ

कार्डं आणि फाशांनी बेसबॉल खेळणाऱ्या आमच्या लीगमधला सगळ्यात कटकटीचा नियम असा: खेळाडू त्या वर्षी प्रत्यक्षात जितक्या वेळा बॅट घेऊन उभा राहिला, तितक्याच वेळा तो इथे उभा राहणार. १९९४ साली टोनी ग्विन ४७५ वेळा उभा राहिला, तर आमच्याकडेही ४७५. त्यानंतर त्याचं कार्ड खोक्यात. पिचरचंही, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचंही, तेच, त्याच्या इनिंग मोजून. आणि मोजायच्या म्हणजे इनिंगच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, कारण एक इनिंग म्हणजे तीन बाद. बाकीचे अकरा जण या नियमाला शिव्या घालत संघ बांधतात. गेल्या हिवाळ्यात मी याच नियमाच्या जोरावर संघ बांधला आणि पूर्ण हंगाम त्याच्या मागे फिरलो, त्याची ही हकिगत.

खेळाचं नाव स्ट्रॅट-ओ-मॅटिक. हॅल रिचमनने शाळकरी वयात घरी फासे टाकत मांडलेला हा खेळ १९६१ पासून विकायला आला. खेळाडूच्या एका हंगामाचं एक कार्ड. बॅटरच्या कार्डावर १ ते ३ असे तीन रकाने, पिचरच्या कार्डावर ४ ते ६. एक पांढरा फासा आणि दोन रंगीत. पांढरा रकाना ठरवतो, बाकी दोघांची बेरीज त्यातली ओळ. ओळीत निकाल लिहिलेला: होमरन, वॉक (चार चेंडू बाहेर गेले की फुकट पहिला बेस), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), उंच उडालेला झेल. पांढऱ्यावर १, २, ३ पडलं की बॅटरचं कार्ड बोलणार. ४, ५, ६ पडलं की पिचरचं. शाळेत मागच्या बाकावर आपण बुक क्रिकेट खेळायचो ना, तेच हे. फरक इतकाच की इथल्या पुस्तकात गावसकरची पानं वेगळी छापली आहेत आणि चंद्रशेखरची वेगळी.

अमेरिकेत फॅंटसी बेसबॉल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दुसराच प्रकार येतो. १९८० साली डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी न्यूयॉर्कमधल्या एका रेस्टॉरंटच्या नावावरून जी रोटिसरी लीग काढली, तिच्यात आज मैदानावर असलेल्या खेळाडूंचे आजचे आकडे मोजतात. तुमच्या पिचरचा खांदा मे महिन्यात गेला की तुमचा हंगामही गेला. आमच्या खेळात हे दुखणं नाही. जे व्हायचं ते होऊन गेलंय, छापून झालंय. प्रश्न उरतो तो फक्त कोणासमोर कोण उभा राहतो आणि फासे काय म्हणतात एवढाच.

मी यात ओढला गेलो २०२० च्या वसंतात. स्टेडियमं बंद होती, पिट्सबर्गमध्ये कोणी कोणाच्या घरी जात नव्हतं. स्ट्रॅट-ओ-मॅटिकवाल्यांनी तेव्हा अडकलेला हंगाम संगणकावर खेळून रोजचे निकाल जाहीर करायला सुरुवात केली होती. कुंपणापलीकडचे शेजारी, पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, सकाळी अंगणात उभे राहून मला ते निकाल वाचून दाखवायचे, जणू काल रात्री ते स्वतः सामना बघून आले होते. आधी मला वाटलं, माणूस एकटेपणाने थोडा सरकलाय. आठवडाभरात मीच त्यांना विचारायला लागलो, काल काय झालं. त्यांची स्वतःची बारा जणांची लीग बरीच वर्षं चालू होती. एक जागा रिकामी झाली तशी ती मला मिळाली. ते लीगचे कमिशनर, म्हणून सगळे त्यांना ‘कमिश’ म्हणतात. मीही.

लीग जानेवारीत सुरू होते. प्रत्येकाचे २८ खेळाडू, १९५० नंतरच्या कोणत्याही हंगामातले. पण एक माणूस संपूर्ण लीगमध्ये एकदाच. रोज रात्री नऊ वाजता कमिश संगणकावर सगळ्यांचे तीन-तीन सामने चालवतात. १६२ सामने, ५४ रात्री. आपण आधी सूचना भरून ठेवायच्या: डावखुऱ्या पिचरसमोर कोण खेळेल, कोणाला किती इनिंगनंतर काढायचं, चोरून बेस घ्यायचा, म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच पुढच्या बेसकडे पळायचं, की नाही. मग निकालाचा तक्ता येतो आणि तो वाचत बसायचं. संघाच्या मागे फिरणं म्हणजे प्रत्यक्षात हे वाचन. बघण्यासारखं त्यात काहीच नसतं. माझ्या बायकोच्या मते हा आयकर विवरणपत्राचाच हौशी अवतार आहे.

तर नियम. एका संघाला बॅटिंगच्या एका जागेसाठी हंगामभरात साधारण ७०० वेळा माणूस उभा करावा लागतो. त्यामुळे सगळे अशा खेळाडूंच्या मागे लागतात जे वर्षभर न थकता खेळले. ज्याच्या नावावर साडेचारशे-पाचशेच आहेत, तो कितीही चांगला असला तरी मागे राहतो. आणि असे सर्वांत चांगले लोक एकगठ्ठा कुठे सापडतात? संपाच्या वर्षांत. १९८१ मध्ये खेळाडूंनी १२ जूनला काम थांबवलं ते जुलैअखेरपर्यंत. १९९४ मध्ये १२ ऑगस्टला थांबवलं आणि तो संप २३२ दिवस चालला. त्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची मालिकाच, झाली नाही, १९०४ नंतर पहिल्यांदा. पुढचा १९९५ चा हंगामही १६२ ऐवजी १४४ सामन्यांचा. त्यात २०२० चा साठ सामन्यांचा हंगाम धरा. तो संप नव्हता, पण तुटका होताच.

माझं गणित सोपं होतं. ग्विनने १९९४ मध्ये .३९४ ची सरासरी काढली, म्हणजे हजार संधींमागे ३९४ वेळा चेंडू मारून सुखरूप बेसवर. बेसबॉलमध्ये .३०० म्हणजे उत्तम आणि .४०० हा आकडा अमेरिकन आणि नॅशनल या दोन मोठ्या लीगमध्ये १९४१ सालच्या टेड विल्यम्सनंतर कोणाला गाठता आलेला नाही, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. फ्रँक थॉमस त्याच वर्षी ११३ सामन्यांत ३८ होमरन आणि १०९ वॉक. जेफ बॅगवेल .३६८ आणि ३९ होमरन, आणि संपाच्या दोन दिवस आधी चेंडू लागून त्याचा हात मोडला. मॅट विल्यम्स ११२ सामन्यांत ४३ होमरन. रॉजर मॅरिसचा ६१ चा विक्रम तो मोडणार का, याची चर्चा संपाने अर्ध्यावर कापली. १९८१ चा माइक श्मिट १०२ सामन्यांत ३१ होमरन. हे सगळे अर्धेमुर्धे. पण दोन अर्धेमुर्धे एका जागेवर बसवले, तर ७०० वेळा ती जागा भरून वर दोनेकशे उरतात. तिसऱ्या बेसवर श्मिट आणि विल्यम्स आलटून पालटून! नऊ जागांना अठरा बॅटर, वर दहा पिचर. बरोब्बर २८.

ड्राफ्टच्या, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या, आधी, हे सगळं पोटात ठेवून, मी साळसूदपणे एक ठराव मांडला: तुटक्या हंगामातल्या खेळाडूंची मर्यादा १६२ सामन्यांच्या हिशोबाने वाढवून द्यावी, त्यांनी खेळायला नकार दिला तो काही आळसाने नव्हे. मला वाटलं मिळाला तर बोनस. ठराव आपटला. ओहायोतला एक दंतवैद्य म्हणाला, जे झालंच नाही ते मोजायचं कशाला? कमिशने मात्र माझ्या बाजूने मत दिलं. याचं कारण नंतर कळलं. १९६६ ते १९८२ बेसबॉल खेळाडूंच्या युनियनचा प्रमुख होता मार्व्हिन मिलर, आणि तो आला होता पोलाद कामगारांच्या युनियनमधून, अर्थतज्ज्ञ म्हणून. तो आला तेव्हा खेळाडूंचं किमान वार्षिक वेतन ६,००० डॉलर होतं. कमिशच्या घरी तळघराच्या जिन्यात पिट्सबर्गच्या रॉबर्टो क्लेमेंटेचा फोटो आहे आणि त्याच्या खाली मिलरचा. १९८१ च्या संपात, ज्या दिवशी निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना व्हायचा होता त्या दिवशी क्लीव्हलंडच्या स्टेडियममध्ये याच खेळाचे फासे टाकून तो सामना खेळला गेला, ही गोष्ट ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात.

ड्राफ्टला मी पहिल्यांदा ग्रेग मॅडक्सचं नाव घेतलं, १९९५ चा. १९ विजय, २ पराभव, नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, १.६३ धावा, आणि २०९ पूर्णांक दोन-तृतीयांश इनिंगमध्ये फक्त २३ वॉक. त्यावर कोणी भुवई उचलली नाही. बॅरी बाँड्स, पेड्रो मार्टिनेझ आधीच गेले होते. मग मी थॉमस घेतला. मग श्मिट. पाचव्या फेरीत ग्विन अजून पडलेला होता! नोलन रायन १९८१, नऊ इनिंगमागे १.६९ धावा, पण इनिंग केवळ १४९. तो मला अशा वेळी मिळाला जेव्हा बाकीचे राखीव कॅचर शोधत होते. फर्नांडो व्हॅलेन्झुएला १९८१, पहिल्याच पूर्ण हंगामात आठ शटआउट, म्हणजे समोरच्याला एकही धाव न देता टाकलेले पूर्ण सामने. त्याच वर्षाचा रॉली फिंगर्स, ७८ इनिंग, १.०४. ह्यूस्टनचा क्रेग बिजिओ १९९४, ११४ सामन्यांत ४४ डबल, म्हणजे एका फटक्यात दुसरा बेस. शेन बीबर २०२०, ७७ इनिंग आणि वर एक हिस्सा, १२२ स्ट्राइकआउट. दहाव्या फेरीच्या सुमारास कोणीतरी ओळखलं. “हा माणूस फक्त संपवाले गोळा करतोय,” असं चॅटवर आलं आणि नाव चिकटलं. मी संघाचं अधिकृत नाव ‘लालबाग’ ठेवलं होतं, पण ते कोणी वापरलंच नाही.

लालबाग ठेवण्याचं कारण उघड आहे. आबा परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होतो. अडीच लाख माणसं बाहेर पडली आणि तो संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही, तो तसाच विरत गेला. त्या संपाशी या कोट्यधीश खेळाडूंच्या संपाची तुलना करायला गेलो तर आबा बदलापूरहून उठून येऊन मला हाणतील. मी केलीही नाही. पण फोनवर एकदा संघ कसा निवडला ते सांगितलं, तर म्हातारा खूश झाला.

“नेता कोण होता त्यांचा?”

“मिलर म्हणून होता, आबा. पोलादवाल्यांच्या युनियनमधला.”

“डॉक्टरांसारखा होता की कसा?”

“नाही, शांत माणूस. आकडेमोडीचा.”

“मग जिंकला असेल,” आबा म्हणाले.

तेव्हापासून आमची सवय लागली. इथे रात्री नऊला सामने चालतात तेव्हा तिकडे सकाळचे साडेसात झालेले असतात, आबांचा दुसरा चहा. फोन उचलला की पहिलं वाक्य: “काय रे, तुझे संपवाले काय म्हणतायत?” बेसबॉल त्यांना काडीचा कळत नाही. होमरन म्हणजे षटकार हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं आणि वॉक म्हणजे वाइड. मी दुरुस्त केलं नाही. पुरतं तेवढं.

सुरुवात वाईट झाली. तीनात एक, तीनात एक असं चालू राहिलं. साठ सामन्यांनंतर २७ विजय, ३३ पराभव, बारा संघांत नववे. सगळ्यात जास्त त्रास एका धावेने हरलेल्या सामन्यांचा. व्हॅलेन्झुएला आठ इनिंग उत्तम टाकतो आणि नवव्यात कोणीतरी फुसकं मारून बेसवर जातं, मग दुसरा बेस चोरतं, संपलं. रिकी हेंडरसन १९८२ ज्याच्याकडे होता त्याने तर आम्हाला पिळून काढलं. त्या वर्षी त्या माणसाने १३० बेस चोरले होते, आणि ४२ वेळा पकडला गेला होता. माझ्याविरुद्ध तो कधी पकडला गेल्याचं मला आठवत नाही.

इथे माझा एक ठाम समज सांगतो. अशा लीगमध्ये लोकांचं नुकसान फाशांमुळे फारसं होत नाही. फाशांवर चिडून ते संघाला हात लावतात, त्याने होतं. नाणं १६२ वेळा उडवलं तर छाप्यांची संख्या ८१ च्या आसपास येते, पण ‘आसपास’ची रुंदी दोन्हीकडे सहा-सहा तरी असते. म्हणजे अगदी मध्यम संघ निव्वळ नशिबावर ७५ जिंकू शकतो किंवा ८७. साठ सामन्यांत हाच हेलकावा चारेक सामन्यांचा. बिल जेम्सने फार पूर्वी एक ढोबळ सूत्र दिलंय: केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. त्यातून विजयांचं प्रमाण निघतं. माझ्या संघाने दिलेल्यापेक्षा जास्त धावा केल्या होत्या. सूत्राप्रमाणे तेव्हा आमचे ३२ विजय हवे होते. पाच कमी होते, आणि ते पाच कुठे गेले याला काही उत्तर नाही. अदलाबदलीचे प्रस्ताव यायला लागले, अगदी सहानुभूतीच्या सुरात. रॉन हंट १९७१ देऊ का? हा हंट म्हणजे त्या वर्षी ५० वेळा चेंडू अंगावर घेऊन बेसवर गेलेला माणूस. मला तो आवडतो, त्याचं कार्ड वाचताना बरगड्या दुखतात. पण त्याच्या बदल्यात फिंगर्स मागत होते. मी कोणालाच हलवलं नाही.

दुसरी एक गोष्ट लोकांना समजावून सांगताना माझं तोंड दुखलं. “ग्विन तुझ्याकडे .४०० करणार का?” असं जो तो विचारायचा. आबांनाही ते कळलं होतं, कारण त्यांना मी ती १९९४ ची अर्धवट राहिलेली गोष्ट सांगितली होती. पण या खेळात ते होणं जवळपास अशक्य. निम्मे फासे पिचरच्या कार्डावर पडतात आणि आमच्या लीगमध्ये समोर रोज कोणीतरी असामान्य पिचर असतो, बॉब गिब्सन १९६८, नऊ इनिंगमागे १.१२ धावा देणारा, किंवा पेड्रो. .३९४ चा ग्विन आमच्याकडे .३३० च्या आगेमागे राहिला आणि तरीही तो लीगमधल्या पहिल्या पाचांत होता. उलट बाजूने मॅडक्सचं तेच. समोर सगळे बाँड्स आणि थॉमसच्या पंक्तीतले असल्यावर १.६३ कुठून राहणार? तीनच्या खाली राहिला यातच मी समाधानी होतो. बाँड्सने २००४ मध्ये २३२ वॉक घेतले, त्यातले १२० मुद्दाम दिलेले; .६०९ म्हणजे दहातल्या सहा वेळा तो बेसवर. तो दंतवैद्याकडे होता. त्याच्याशी सामने असले की मी तक्ता वाचायच्या आधी हात धुऊन यायचो.

शॉर्टस्टॉपबद्दल, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाबद्दल, थोडं जास्त सांगायचंय, कारण माझ्या संघात सगळ्यात जास्त थट्टा ओझी स्मिथची झाली. १९८१ चा ओझी, सॅन डिएगोकडून खेळणारा, सरासरी .२२२, होमरन शून्य. पण पिचरच्या कार्डावर काही ओळी अशा असतात की निकाल लिहिलेला नसतो. फक्त जागा आणि एक्स. तेव्हा त्या जागेवरच्या क्षेत्ररक्षकाची रेटिंग बघायची, १ ते ५, १ सर्वोत्तम, आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. अशा ओळी शॉर्टस्टॉपच्या वाट्याला सर्वांत जास्त येतात. ओझी १ आहे. बॅट हातात असताना तो जे घालवतो ते त्याने ग्लोव्हने परत दिलेलं तक्त्यात दिसतच नाही, कारण जी धाव झाली नाही तिची नोंद कोण करतो? ज्या दिवशी थॉमस आणि बॅगवेल दोघेही बॅटिंगला असायचे त्या दिवशी मी ओझी लावायचो आणि धावांची काळजी त्या दोघांवर सोडायचो.

फेब्रुवारीच्या मध्यावर वारं फिरलं. कुठल्या एका कारणाने नव्हे. ते पाच सामने हळूहळू परत आले, एवढंच. एका धावेने जिंकायला लागलो. टिम रेन्स, १९८१ मध्ये ८८ सामन्यांत ७१ बेस चोरलेला, पहिल्या क्रमांकावर आणि त्याच्या मागे ग्विन. दोघं मिळून पहिल्याच इनिंगमध्ये समोरच्याचा घाम काढायचे. आम्ही नवव्यावरून पाचव्यावर आलो. पहिल्या चारांना प्लेऑफ, आणि चौथे होते कमिश स्वतः. त्यांच्या संघात नेहमीप्रमाणे क्लेमेंटे, १९६७ चा, .३५७. दर वर्षी त्यांना तो मिळतो, कारण बाकीचे सभ्यपणा म्हणून त्याला हात लावत नाहीत.

पण आता माझ्या संघाचा खरा जमाखर्च सुरू झाला. सगळ्यांचे लोक अजून दीडशे-दोनशे वेळा उभे राहणार होते. माझे संपत आले होते. रोज सकाळी कॉफीबरोबर मी एक तक्ता उघडायचो: श्मिट ३१ शिल्लक, विल्यम्स ५८, बॅगवेल ४०, रायन चार इनिंग आणि एक बाद. रायनने त्या एकाच रात्री संपवल्या आणि सात जणांना स्ट्राइकआउट करून गेला. मग बॅगवेल गेला. मग श्मिट, एका होमरनवर. जोड्या लावताना वरचे दोनेकशे हाताशी होते, पण ते सगळीकडे सारखे उरत नाहीत. तिसऱ्या बेसवर उरले आणि कॅचरकडे तुटवडा. शेवटच्या दहा दिवसांत मी कागदावर रेघा मारून माणूस वाटत होतो. हा नियम नसता तर या खेळात मला इतकी मजा आली नसती, हे मी तेव्हाही मान्य केलं असतं, फक्त कोणासमोर नाही.

१६२ सामने संपले आणि आम्ही आणि कमिश दोघंही ८८-७४. नियमाप्रमाणे १६३ वा सामना, आणि तो नियमित हंगामातच धरला जातो, म्हणजे मर्यादाही लागू. खऱ्या बेसबॉलमध्येही २०२१ पर्यंत बरोबरी अशीच सोडवायचे. असा सामना संगणकावर खेळायचा नाही, हा कमिशचा हट्ट. शनिवारी दुपारी त्यांच्या तळघरात, कार्डं आणि फासे घेऊन.

माझ्याकडे काय उरलं होतं: बीबरच्या सहा इनिंग, ज्या मी कंजुषाच्या चिकाटीने राखून ठेवल्या होत्या. फिंगर्सच्या दोन. आणि मॅडक्सचा तो दोन-तृतीयांश. बेरीज आठ इनिंग आणि दोन बाद. शेवटचा एक बाद करायला उरला होता कोणालाही नको असलेला एक डावखुरा रिलीव्हर (मध्येच बदली येणारा पिचर), ज्याला मी अठ्ठाविसाव्या क्रमांकावर घेतलं होतं आणि शक्य तिथे टाळलं होतं.

तसंच झालं सगळं. बीबरने सहा इनिंगमध्ये दोन धावा दिल्या. थॉमस आणि विल्यम्सच्या होमरनवर आम्ही चार केल्या. फिंगर्सने दोन इनिंग काही होऊ दिलं नाही. कमिश शांतपणे फासे टाकत होते, मध्येच उठून सूप गरम करून आले, मलाही दिलं. नवव्या इनिंगला मी मॅडक्सचं कार्ड ठेवलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले, “दोन बाद करायला मॅडक्स?” दोन बाद केले त्याने. कार्ड खोक्यात. डावखुरा आला. पहिल्याला वॉक. दुसऱ्याने डबल मारला आणि पहिला घरी, ४-३. दुसऱ्या बेसवर माणूस, आणि पुढे क्लेमेंटे, जो उजव्या हाताने खेळतो. डावखुऱ्या पिचरपुढे त्याचा फायदा काय असतो हे त्या तळघरातल्या दोघांनाही माहीत होतं.

फासे कमिशच्या हातात होते. पांढरा ५ वर थांबला. म्हणजे माझ्याच पिचरचं कार्ड, आणि त्या कार्डावर चांगलं फार थोडं होतं. बेरीज मोजून मी ओळीवर बोट ठेवलं: शॉर्टस्टॉप, एक्स. नवव्या इनिंगला मी ओझीला आणलं होतं. कमिशने वीस बाजूंचा फासा टाकला. १ रेटिंगवाल्याच्या हातून तिथे हिट जवळजवळ निघतच नाही, नाही निघाली. उरला एरर झाला का तो प्रश्न. तीन फासे पुन्हा. नाही. ग्राउंडआउट, बाद.

कमिशने ओझीचं कार्ड उचलून चष्म्याजवळ नेलं आणि .२२२ मोठ्याने वाचलं. मग माझा हात हातात घेऊन दाबला आणि म्हणाले, पुढच्या वर्षी हा माझा.

प्लेऑफमध्ये दंतवैद्याने आम्हाला पाच सामन्यांत गुंडाळलं. तिथे प्रत्येकाला त्याच्या मर्यादेच्या दहा टक्के नव्याने मिळतात, म्हणजे माझ्या लोकांना पुन्हा कमीच, आणि बाँड्स सतत बेसवर. त्यात सांगण्यासारखं काही नाही. आबांना सकाळी कळवलं. “उपांत्य फेरीपर्यंत गेले ना? आमच्यापेक्षा बरं,” म्हणाले, आणि मग बराच वेळ त्यांच्या गुडघ्याबद्दल बोललो.

एप्रिलमध्ये लीगची वार्षिक बैठक झाली. दंतवैद्यानेच ठराव आणला: तुटक्या हंगामातल्या खेळाडूंची मर्यादा यापुढे १६२ सामन्यांच्या हिशोबाने वाढवून द्यावी. आता ग्विन, बॅगवेल, थॉमस सगळे पूर्ण हंगामाचे होणार, म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांत उडणार. पाचव्या फेरीत कोणी शिल्लक राहणार नाही. ठराव मोठ्या बहुमताने संमत झाला. कमिशने अर्थातच हात वर केला. विरोधात एकच मत पडलं, माझं.